आकाशवाणीच्या सुरामागचा माणूस : वॉल्टर कॉफमन

ज्या वाचकांचे बालपण मुंबई, ठाणे, पनवेल किंवा अलिबागकडे गेले, त्यांना पहाटेच्या त्या सुराची ओळख करून द्यावयास नको. रेडिओचा खटका फिरवला की आधी थोडी खरखर, मग तंबोऱ्याचा घुमारा आणि त्यावर हलकेच उतरणारे व्हायोलिन. स्टोव्हवर चहाचे आधण, नळाला नुकतेच आलेले पाणी आणि शाळेला उशीर होईल म्हणून आईची हाक, या सर्वांबरोबर तो सूर कानात बसला तो कायमचा. आज कोणी लोद, अश्दोद, बेरशेबा किंवा डिमोना येथे स्थायिक आहेत, तर आमच्यासारखे काही अमेरिकेच्या पश्चिम टोकाला रेडमंड येथे येऊन राहिले आहेत. येथील पावसाळी सकाळी कोणी टेलिफोनवर तो सूर लावला, तर गप्पा मारणारी माणसे आपोआप गप्प होतात.

तो सूर बांधणारा एक यहुदी निर्वासित होता, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव वॉल्टर कॉफमन. ते आपल्या बेने इस्राएल समाजाचे नव्हते, बगदादीही नव्हते. मध्य युरोपातून जीव व विद्या वाचवून मुंबईच्या धक्क्यावर उतरलेले ते एक तरुण संगीतकार होते. बारा वर्षे ते मुंबईत राहिले.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाद या गावी झाला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे व हल्ली ते कार्लोव्ही व्हारी या नावाने चेक देशात मोडते. त्या काळी तेथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाचे राज्य होते. घरची व शाळेची भाषा जर्मन. संगीताचे उच्च शिक्षण घेण्यास ते बर्लिनच्या सरकारी संगीत विद्यालयात गेले. तेथे फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे त्यांनी संगीतरचना शिकली व कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्र.

हे झाक्स म्हणजे जगातील वाद्यांचे मोठे जाणकार. तंतुवाद्ये, सुषिर वाद्ये, चर्मवाद्ये व घनवाद्ये अशी आपल्याकडची जी जुनी विभागणी आहे, तिच्याशी जवळचे नाते असलेले वर्गीकरण त्यांनी हॉर्नबोस्टेल यांच्याबरोबर १९१४ साली मांडले व ते अजूनही जगभर वापरात आहे. हिंदुस्थानच्या वाद्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले होते. श्रेकर काय किंवा झाक्स काय, दोघेही यहुदी रक्ताचे. नाझींचा जोर वाढताच दोघांनाही आपल्या जागा गमवाव्या लागल्या. श्रेकर त्या धक्क्यातून सावरले नाहीत, १९३४ साली वारले. झाक्स पॅरिसमार्गे न्यूयॉर्कला गेले.

कॉफमन यांनी १९३० साली बर्लिनचे शिक्षण पुरे केले. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग येथील ऑपेरात ब्रूनो वॉल्टर यांचे सहायक म्हणूनही त्यांनी काम केले होते. पुढे डॉक्टरेटसाठी त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठात माहलर यांच्या सिंफनींवर प्रबंध लिहिला. प्रबंध पुरा झाला, पदवी हातात पडण्याचीच काय ती देर होती. इतक्यात कळले की आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे तेथील नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत. अशा माणसाच्या हातून पदवी घ्यावयाची नाही असे ठरवून कॉफमन यांनी ती नाकारली. वय तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. जगात यहुदी माणसाला दारे बंद होत असताना स्वतःच्या हाताने आणखी एक दार लावून घेणे सोपे नव्हते. पुढे अमेरिकेत त्यांनी वीस वर्षे प्राध्यापकी केली, पण ती पदवी काही घेतली नाही.

मग हिंदुस्थानच का? याचे एक साधे कारण असे की येथे येण्याचा परवाना सहज मिळण्यासारखा होता. दुसरे कारण जास्त मनोरंजक आहे. युरोपात असताना त्यांनी हिंदुस्थानी संगीताच्या काही तबकड्या ऐकल्या होत्या आणि त्यातले त्यांना काहीएक कळले नव्हते. ते सगळे परके व चमत्कारिक वाटले. परंतु त्यांनी असा विचार केला की हे संगीत करणारी माणसे हृदय व बुद्धी असलेलीच आहेत आणि कोट्यवधी लोक त्यावर प्रेम करतात. तेव्हा दोष संगीतात नसून ऐकणाऱ्यात आहे. तो दूर करावयाचा तर जेथे ते संगीत जन्मले तेथेच जाऊन शिकले पाहिजे. आपल्या शास्त्रीय बैठकीला पहिल्यांदा गेलेले किती साहेब लोक असा विचार करीत असतील? आणि खरे सांगावयाचे तर आपल्यापैकीही किती जण पाश्चात्य सिंफनीच्या बाबतीत असा विचार करतात?

१९३४ च्या फेब्रुवारीत ते मुंबईस आले. वॉर्डन रोडपासून आत, महालक्ष्मीच्या देवळाच्या बाजूला असलेल्या रेवा हाऊस या दुमजली बंगल्यात ते राहू लागले. काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे कार्यक्रम होत. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ, अशी ही त्रयी होती. मे १९३७ पर्यंत या सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत इतके कार्यक्रम, तेही अशा शहरात जेथे या संगीताला श्रोते मूठभर. आपल्याकडे नाटकमंडळ्या व भजनी मंडळे चालवलेल्यांना या आकड्यामागची मेहनत चटकन कळेल.

मेहली मेहता यांचे नाव घेतले की इस्राएलमधील वाचकांना त्यांच्या मुलाची आठवण होणारच. झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईतच झाला, म्हणजे या गुरुवारच्या मैफली ऐन भरात होत्या तेव्हा. मेहलींनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे झुबिन यांनी इस्राएल फिलहार्मोनिकची धुरा पन्नास वर्षे सांभाळली व २०१९ साली ती खाली ठेवली. १९९४ मध्ये ते हा वाद्यवृंद घेऊन हिंदुस्थानात आले होते. मुंबईच्या एका पारशी व्हायोलिनवाल्याने व कार्ल्सबादच्या एका यहुदी पियानोवाल्याने जो दर गुरुवारचा उद्योग मांडला, त्या वातावरणात हा मुलगा जन्मला, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता त्या सुराविषयी. सरकारी रेडिओला ऑल इंडिया रेडिओ हे नाव जून १९३६ मध्ये मिळाले व ओळखीचा सूरही त्याच वर्षाचा मानतात. त्याला शिवरंजनीची छाया आहे : सा, रे, कोमल गंधार, प, ध. पाचच स्वर. खाली तंबोरा, वर व्हायोलिन. ते व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवले असे सांगतात. या सुराच्या कर्तृत्वावर वाद आहे हेही येथे नमूद करणे बरे. काही जण ठाकूर बलवंत सिंग यांचे नाव घेतात, काही जण विष्णुदास शिराळी यांचे. परंतु जाणकारांचा कौल बहुतेक कॉफमन यांच्याच बाजूने आहे आणि मलाही तोच पटतो. सूर हिंदुस्थानी आहे, पण त्याची बांधणी ज्या रीतीने झाली आहे, म्हणजे सुरुवात, चढ व विसावा हे सर्व मोजक्या वेळात पुरे करणारी, ती रीत कागदावर संगीत लिहिणाऱ्याची आहे. आलापात वाढलेला माणूस इतक्या लवकर थांबला नसता.

१९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन हे मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे संचालक होते. रेडिओसाठी त्यांनी ‘अनसूया’ नावाचा ऑपेरा लिहिला. हिंदुस्थानातील हा पहिला रेडिओ-ऑपेरा समजला जातो. तो १ ऑक्टोबर १९३८ रोजी मुंबईहून प्रक्षेपित झाला. या तारखेपाशी थोडे थांबले पाहिजे. म्युनिकच्या करारानंतर जर्मन फौजा चेकोस्लोव्हाकियाच्या सुदेतेन भागात शिरू लागल्या त्याच दिवशी, आणि कार्ल्सबाद त्या भागात होते. मुंबईच्या स्टुडिओत अत्रिऋषींच्या पत्नीच्या नावाने रचलेले संगीत वाजत होते आणि ज्या गावात आपण चालावयास शिकलो ते गाव त्या आठवड्यात हिटलरच्या घशात जात होते. त्या रात्री त्यांच्या मनात काय चालले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यांची पत्नी गेर्टी ही प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्कांची थोरली बहीण एल्ली हिची ती मुलगी. काफ्कांना तीन बहिणी होत्या. तिघींनाही पुढे नाझींनी मारले. म्हणजे गेर्टीची आई व दोन्ही मावश्या गेल्या. मुंबईत पोचलेली जी काही मंडळी वाचली, त्यांच्या मागे प्रत्येक घराची अशीच यादी होती.

या निर्वासितांची मुंबई व आपली मुंबई वेगवेगळी होती, हे कबूल केले पाहिजे. आपली माणसे उमरखाडी, नागपाडा, भायखळा, जेकब सर्कल या बाजूला. गिरणी, रेल्वे, पोस्ट, पोलीस, इस्पितळ येथे नोकऱ्या करणारी, मराठी बोलणारी. ती मंडळी जर्मन बोलणारी, डॉक्टर, वकील, चित्रकार, वादक, आणि बरीचशी वॉर्डन रोड-मलबार हिलच्या अंगाला. ज्यूइश रिलीफ असोसिएशनमधून मदत होत असे, पण उठबस फारशी नव्हती. तरी एका गोष्टीत कॉफमन आपल्या फार जवळचे वाटतात. आपल्या वाडवडिलांनी सुमारे १८८० पासून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या चालींवर लावली. मजकूर तोरातील, साकी-दिंडी महाराष्ट्रातील. कॉफमन यांनीही तेच केले, फक्त उलट्या बाजूने येऊन.

चित्रपटाकडे वळू. मोहन भवनानी हे जर्मनीत चित्रपटकला शिकून आलेले दिग्दर्शक. मूकपटांच्या काळात सुलोचनाला, म्हणजे आपल्या बगदादी यहुदी समाजातील रुबी मायर्सला, घेऊन त्यांनी ‘सिनेमा क्वीन’ वगैरे चित्रपट काढले होते. प्रेमचंदांकडून त्यांनी १९३४ मध्ये ‘मजदूर’ची कथा लिहवून घेतली. अशा या भवनानींच्या कंपनीसाठी कॉफमन पार्श्वसंगीत लिहू लागले. त्या काळी बोलपटाच्या जाहिरातीत गाण्यांना चाली देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात येई, पार्श्वसंगीत लिहिणाऱ्याचे क्वचितच. प्रेक्षक गाण्यांसाठी तिकीट काढत. प्रसंगामागे काय वाजते याकडे लक्ष कोण देतो? तरीपण पडद्यावरची आगगाडी किती सेकंद धावते, नायिका दार उघडण्यास किती वेळ घेते, याचा हिशेब करून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहावा लागतो. हे काम लिहिता येणाऱ्यालाच जमते, आणि वाजवणारेही नोटेशन वाचणारे लागतात. असे वाचणारे मुंबईत मुख्यतः गोव्याचे, चर्चच्या शाळेत शिकून आलेले वादक होते. पुढची कित्येक दशके हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद त्यांच्याच खांद्यावर उभा राहिला.

जाता जाता सांगतो, आमच्या रेडमंड गावात डिजिपेन नावाची संस्था आहे. संगणकावरील खेळांना संगीत व ध्वनी कसा द्यावयाचा याची चक्क पदवी तेथे मिळते. कॉफमन यांना असे शिकवणारे कोणी नव्हते. ते पियानोपाशी बसून, चित्रपट पाहून, काम करता करताच शिकले.

भवनानींच्या कंपनीच्या ओळखीचा त्यांनी एक मोठा उपयोग केला. विली हास हे प्रागचे लेखक, बर्लिनच्या एका मोठ्या साहित्यविषयक साप्ताहिकाचे संपादक. नाझींपासून पळून ते प्रागला आले होते, पण १९३९ मध्ये तेथेही राहणे अशक्य झाले. कॉफमन यांच्या मदतीने त्यांना मुंबईस येता आले व भवनानींकडे पटकथा लिहिण्याचे काम मिळाले. इब्सेनच्या नाटकावरून भवनानींनी काढलेला चित्रपट हासांच्याच लेखणीचा. युद्धानंतर हास जर्मनीत परतले आणि काफ्कांची मिलेनाला लिहिलेली पत्रे त्यांनीच १९५२ साली संपादून प्रसिद्ध केली. मुंबईतील एका वादकाच्या खटपटीने एक जीव वाचला आणि त्यामागून ते पुस्तक जगाला मिळाले.

युद्धकाळात सरकारने माहितीपट काढण्यासाठी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था चालवली. तिचे प्रमुख एझरा मीर, हेही यहुदी, कलकत्त्याचे. कॉफमन यांनी या माहितीपटांनाही संगीत दिले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन निघाले तेव्हा त्याचे पहिले मुख्य निर्माते भवनानी झाले व पुढे एझरा मीरही त्या जागी आले. कॉफमन तोवर निघून गेले होते.

या सर्व धावपळीत मूळ अभ्यास त्यांनी सोडला नाही. ते गोंड व बैगा लोकांची गाणी ऐकण्यास जंगलात गेले, ती लिहून घेतली व १९४१ साली त्यावर अमेरिकेच्या एका नामांकित संगीत-नियतकालिकात लेख लिहिला. मुंबईतच त्यांनी ‘अॅन इंडियन सिंफनी’ लिहिली, साल १९४३. ‘नवरत्नम्’ ही रचनाही याच काळातली.

१९४६ मध्ये ते मुंबई सोडून लंडनला गेले. तेथे बीबीसीत थोडे काम केले. मग कॅनडा. आधी हॅलिफॅक्सच्या संगीत विद्यालयात पियानो शिकवला आणि १९४८ मध्ये विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे ते पहिले संगीत-दिग्दर्शक झाले. विनिपेगची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मुंबईच्या दमट हवेत बारा वर्षे घामेजून राहिलेल्या माणसाची दशा वेगळी सांगावयास नको! त्याच वर्षी त्यांची ‘मद्रास एक्सप्रेस’ ही छोटी रचना अमेरिकेत बॉस्टन येथे वाजली. आपल्याकडच्या आगगाडीने अशी परदेशवारी केली. विनिपेगमध्ये तेथील बॅलेसाठीही त्यांनी संगीत लिहिले. गेर्टीशी झालेला विवाह टिकला नाही. पुढे फ्रेडा ट्रेपेल या विनिपेगच्या पियानोवादिकेशी त्यांनी लग्न केले.

१९५७ साली इंडियाना विद्यापीठाने त्यांना ब्लूमिंग्टन येथे संगीतशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावले. वय पन्नास. आयुष्यात पहिल्यांदाच बूड टेकावयास जागा मिळाली असे म्हणता येईल. १९७७ पर्यंत त्यांनी तेथे शिकवले. ऑपेरे लिहिणे चालूच होते. ‘द स्कार्लेट लेटर’ हा त्यांचा ऑपेरा १९६१ मध्ये विद्यापीठातच झाला व इंडियाना राज्याच्या दीडशेव्या वर्षी, १९६६ मध्ये, ‘अ हूजियर टेल’.

परंतु त्यांची खरी मिरास म्हणजे तेथे लिहिलेली पुस्तके. ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ १९६८ साली आले, दक्षिणेच्या रागांवरचे १९७६ साली. त्यापूर्वी १९६७ मध्ये आशियातील स्वरलेखन पद्धतींवर एक ग्रंथ, १९७५ मध्ये तिबेटी बौद्ध पठणावर एक. उत्तरेच्या रागांचे पुस्तक त्यांनी दहा थाटांप्रमाणे लावले आहे, आणि ही दहा थाटांची व्यवस्था कोणाची? आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. भातखंडे मुंबईचे वकील, त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मूळ मराठीत, आणि त्यांचे निधन मुंबईतच १९ सप्टेंबर १९३६ रोजी झाले, म्हणजे कॉफमन येथे होते तेव्हा. मराठीत लिहिलेली विद्या अशा रीतीने एका चेक यहुदी प्राध्यापकाच्या हातून अमेरिकेच्या मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या गावी शिकवली जाऊ लागली.

या पुस्तकांवर टीकाही करता येते. पाच रेघांवर बसवलेल्या रागात मींड कशी दाखवणार, आंदोलन कसे दाखवणार? गुरूपुढे बसून शिकलेल्याला ती पाने कोरडी वाटतात. पण ज्याच्या जवळपास गुरूच नाही, त्याला राग कोठून चढतो, कोठे वळतो, कोणता स्वर टाळतो हे कळण्यास ती पाने फार उपयोगी पडली. शिवाय एक लक्षात घ्यावे : रविशंकरांच्या सतारीची अमेरिकेत लाट येण्याच्या आधीपासून हा माणूस वर्गात फळ्यावर भैरव व तोडी लिहीत होता.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. सिंफनी, कॉन्चेर्टो, ऑपेरे, स्ट्रिंग क्वार्टेट असा मोठा ढीग त्यांनी मागे ठेवला. त्यातले बहुतेक हस्तलिखितातच राहिले. विद्यापीठाच्या कुक संगीत ग्रंथालयात ते कागद जपून ठेवले आहेत. युरोपातील त्यांच्या पिढीचे संगीत नाझींनी बंद पाडले, मुंबईतील श्रोते मागे राहिले, अमेरिकेत त्यांना लोक प्राध्यापक म्हणून ओळखत. असा संगीतकार तिन्ही ठिकाणी थोडा थोडा परका राहतो. फक्त रेडिओचा सूर वाजत राहिला, रोज पहाटे, कोट्यवधी घरांत, नावाशिवाय.

अलीकडे थोडा फरक पडला आहे. टोरांटोच्या आर्क एन्सेम्बल या वादकसंचाने २०२० साली त्यांच्या मुंबईच्या काळातील काही रचनांचे ध्वनिमुद्रण केले. चॅन्डॉस कंपनीने ते काढले आहे. दोन क्वार्टेट, व्हायोलिनच्या दोन रचना व एक सेप्टेट त्यात आहेत. नंतर बर्लिनच्या रेडिओ वाद्यवृंदाने, म्हणजे ज्या शहरात ते शिकले व जेथून त्यांच्या गुरूंना हाकलले गेले त्याच शहरात, ‘इंडियन सिंफनी’ वाजवून मुद्रित केली. आमच्याकडे ती पहिली ध्वनिमुद्रिका आहे. तीत मधेच एखादी लकेर अशी येते की घरातील वडीलधारी मंडळी मान वर करून विचारतात, हे कोठे ऐकले बरे? तेव्हा त्यांना मुंबईच्या रेडिओची आठवण करून द्यावी लागते.